तेरा माणसांचा हात

आमच्या थोरल्या जाऊबाईंना तेरा माणसांपेक्षा कमी माणसांचा स्वयंपाक करता येत नाही. जास्त माणसांचा येतो. अचानक वीस जण दारात उभे राहिले तरी त्या कपाळाला आठी पडू देत नाहीत, बाह्या सरसावतात आणि मोठं पातेलं खाली काढतात. पण आज घरी चारच जण आहेत म्हटलं की त्यांचा हात अडतो. त्यांच्याकडे टवके उडालेला एक निळा मग आहे. तीन मग तांदूळ, हे त्यांचं माप. दोन मग घालून झाले की त्या पातेल्यात वाकून बघतात, आजारी माणसाकडे बघावं तशा, आणि तिसरा ओततातच.

त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही. ताई बसच्या सीटा शिवतात. गल्लीच्या टोकाला वर्कशॉप आहे, तिथे जाड रेक्झिन, बोटभर लांब सुई आणि ट्रकसारखा आवाज करणारं मशीन, यांच्यासोबत त्यांचं आयुष्य गेलं. उजव्या हाताचा अंगठा इतका टणक झालाय की त्या डब्याचं झाकण त्यानेच उचकटतात, चमचा शोधत बसत नाहीत. दिवसभर बसची मापं हातात, त्यामुळे घरासाठी शिवलेलंही सगळं त्याच मापाचं. माझ्या मुलीला, चिमणीला, त्यांनी पहिलीत जाताना दप्तर शिवून दिलं. चिमणी मागून दिसेनाशी झाली.

"वहिनी, या दप्तरावर दोन प्रवासी आरामात बसतील," माझा नवरा म्हणाला.

"बसू देत. तिकीट तू फाड."

आमचं घर आडवं नाही, उभं आहे. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तळमजल्यावर ताई, मोठे दीर आणि त्यांची चार मुलं. दीर रस्त्यावरचे पांढरे पट्टे रंगवतात. पावसापाण्यात काम बंद, मग पगारही बंद. मधल्या मजल्यावर मधली जाऊ, तिचे जुळे आणि नवरा. मधले दीर लांबच्या गाड्या चालवतात, त्यामुळे घरात ते कमी आणि त्यांचा पगारच जास्त असतो. मधली स्वतः गल्लीत केस कापण्याचं दुकान चालवते. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: लिफ्ट दुरुस्त करणारा माझा नवरा, चिमणी आणि मी.

सहा मोठी, सात लहान. तेरा.

स्वयंपाकघरं तीन, पण पेटायचं खालचंच. मी लग्न होऊन आले तेव्हा नवी भांडी घेऊन वर चढत होते, तर ताई जिन्यात आडव्या उभ्या. "कुठे निघालीस?"

"वर. स्वयंपाकाचं लावते."

"दोन माणसांसाठी वेगळं पातेलं? तळाला जाऊन चिकटेल. ठेव ते इथे."

ठेवलं. ते पुन्हा वर न्यायची वेळ पुढे दहा वर्षं आली नाही. आमच्या स्वयंपाकघरात सायकल उभी राहू लागली. मधलीने तिच्या ओट्यावर केस वाळवायचं जुनं मशीन ठेवलं. वाणसामानाला तिन्ही घरांनी पैसे टाकायचे, भाज्या मी आणि मधलीने चिरायच्या, भांडी पुरुषांनी घासायची, आणि जेवायचं ताईंच्या टेबलावर. ते टेबलही वर्कशॉपातलंच. रेक्झिन कापायचं जुनं टेबल, मालक फेकून देत होता. त्याच्यावर इंचांच्या खुणा आहेत. मुलं त्यावरून आपापल्या हद्दी ठरवतात आणि भांडतात.

हे सगळं सांगते आहे ते चिमणीसाठी. मुलगी एकटी असली की जेवत नाही. डॉक्टरांना दाखवलं, वजनं केली, ते म्हणाले ठीक आहे. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, पण त्यांना काय, ते तिच्यासमोर ताट घेऊन बसत नाहीत. मी घास मोजायचे. ताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "घास मोजू नकोस धाकटे, पोर आहे, बँक नव्हे. जुळ्यांच्या मध्ये बसव." दोन्ही बाजूंनी हात येतात म्हटल्यावर चिमणी स्वतःचं ताट स्वतःच वाचवू लागली, म्हणजे पोटात घालू लागली. तेव्हापासून ती टेबलावरच जेवते. त्या टेबलावर माझा जीव आहे, तो असा.

आता पैशांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे सरकारकडून मुलांचा भत्ता मिळतो. पहिल्या दोघांना बेताचा, तिसऱ्यापासून चांगला. सात मुलं म्हणजे आमच्याकडे तो भरघोस यायचा, आणि सगळ्यांच्या संमतीने त्यातला मोठा वाटा ताईंकडे जायचा, कारण चार मुलं त्यांची. त्या भत्त्यावरच ताईंनी वर्कशॉपातली दुसरी पाळी सोडली होती. आधी त्या सकाळी जायच्या, दुपारी येऊन स्वयंपाक करायच्या आणि पुन्हा रात्रीपर्यंत मशीनवर. जेवायला सगळे बसले की त्यांची खुर्ची रिकामी. दुसरी पाळी सुटली तेव्हा त्यांच्या धाकट्याने शेजारी जाऊन सांगितलं होतं, "आता आमच्या आईला संध्याकाळ मिळाली."

मग डोळ्यांच्या दवाखान्यातली माझी अर्ध्या दिवसाची नोकरी पूर्ण दिवसाची झाली. पगार वाढला. घरात बटाट्याचा मोठा रस्सा झाला, ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती दोन दिवस दुखली. आणि थोड्याच आठवड्यांत पत्र आलं: एकाच स्वयंपाकघरातून जेवणारे ते एक कुटुंब, तुमच्या कुटुंबाची एकूण कमाई मर्यादेबाहेर गेली आहे, पुढच्या तिमाहीपासून भत्ता बंद.

मी ते टेबलावर वाचून दाखवलं. मधली म्हणाली, "सात मुलं आहेत म्हणावं. मर्यादा वाढत नाही का?"

"मुलामागे थोडी वाढते," मी म्हटलं. "पण मोठं माणूस वाढलं की रेघ जागची हलत नाही. त्याचा पगार मात्र धरतात."

"म्हणजे आपण फार मोठे झालोय," मोठे दीर म्हणाले. ते दिवसाला साधारण एवढंच बोलतात.

माझ्या नवऱ्याने समजावून सांगायचं मनावर घेतलं. त्याने पावाचे तुकडे केले. टेबलावर सहा ढीग मांडले, प्रत्येकाच्या पगाराच्या मानाने लहानमोठे. "हे बघा. एक कुटुंब धरलं तर हे सगळं एकत्र." त्याने ढीग एकत्र लोटले. "रेघ इथे. आपण रेघेच्या पलीकडे. भत्ता गेला. आता वेगळं धरा. हा वहिनींचा ढीग, दीड पगार आणि चार मुलं. रेघेच्या खूप खाली, पूर्ण भत्ता. हा मधल्यांचा, दोन मुलं, रेघेवर टेकलेला. अर्धा मिळेल. आणि हा आमचा. दोन पगार, एक मुलगी. आम्हाला भोपळा."

"आणि टॅक्स?" मधलीने विचारलं.

"टॅक्स तर आणखी गमतीचा. कमाईला माणसांनी भागतात. मोठ्याचा एक वाटा, मुलाचा अर्धा. भागून जे येईल त्याच्यावर टॅक्स. आत्ता आमचे दोन पगार तुमच्या सगळ्या पोरांमध्ये विभागले जातात, म्हणून कमी बसतो. वेगळे झालो की आम्हाला भागायला चिमणी एकटी. तिच्या अर्ध्या वाट्याने काय होणार?"

"मी अर्धी नाहीये," चिमणी म्हणाली.

"वहिनींना टॅक्स जवळपास शून्य, आम्हाला वाढीव. म्हणजे आमच्या ढिगातला हा एवढा..." त्याने दाखवायला हात पुढे केला, तर तुकडा नव्हता. मधलीच्या ढिगातलाही नव्हता. जुळ्यांचे गाल फुगले होते.

"सरकार जेवलं," मधली म्हणाली.

सगळे हसले. मला हसू येईना. माझ्या पगाराने ताईंची संध्याकाळ जाणार होती. मी म्हटलं, "मी पुन्हा अर्धा दिवस करते. विचारून बघते."

ताईंनी पाव उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. "कशाला? शिकलीस कशाला मग? मी दुसरी पाळी धरेन. हातपाय आहेत अजून."

"तुमचा खांदा आहे का अजून, ते सांगा. रात्री शेकत असता."

"तो खांदा जन्मापासून तसाच आहे."

त्यांच्या थोरल्या मुलीने मान न वर करता सांगितलं, "गेल्या वर्षी सुरू झालाय." ताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की मी तिच्या जागी असते तर टेबलाखाली गेले असते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भत्त्याच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने एकच विचारलं, "घरात स्वयंपाकघरं किती?"

"तीन. पेटतं एक."

"मग एक कुटुंब. तीन पेटली, वाणसामान आणि गॅस ज्याचा त्याचा झाला, तर तीन. अर्ज द्या. बघायला बाई येतील. कधी येतील ते सांगून येणार नाहीत." मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "नुसतं कागदावर वेगळं होऊन चालत नाही बरं का. बाई झाकणं उघडून बघतात."

ते मी घरी येऊन सांगितलं. लोक भांडून वेगळी चूल मांडतात. आम्हाला न भांडता मांडायची होती, आणि कशी सुरुवात करावी तेच कळेना. शेवटी ताई उठल्या, माळ्यावर चढल्या आणि माझं लग्नातलं पातेलं घेऊन आल्या. घासून लख्ख केलेलं. "ने वर," म्हणाल्या. "तिघांचं कर. चिकटू देऊ नकोस."

माझ्या नवऱ्याने सायकल जिन्यात आणली. "आपला टॅक्स वाढणार, आणि सायकलही बेघर," तो म्हणाला. पण त्यानेच अर्जावर पहिली सही केली.

पहिली संध्याकाळ मी विसरणार नाही. मी वर भात लावला, मधलीने मधे घेवड्याची भाजी करपवली, तो वास तिन्ही मजल्यांना सारखा वाटला गेला. चिमणीसमोर ताट ठेवलं. तिने पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवले. "जुळे कुठेत?"

"त्यांच्या घरी जेवतायत."

"हेच त्यांचं घर आहे ना?"

मी कितीही घास केले, चिमण्यांचे, कावळ्यांचे, लिफ्टमधून वर जाणारे, तोंड उघडलं नाही. खाली गेले तर ताईंच्या टेबलावर सहा जण अंतराअंतराने बसलेले, आणि मधोमध तेच मोठं पातेलं, काठोकाठ भरलेलं.

"ताई, हे सहा जणांचं?"

"दोनच मग घालणार होते," ताई म्हणाल्या. "पण हात थांबला नाही. पोरीला थोडं ने. मधलीलाही दे, ती काय ते करपलेलं खाणार आहे?"

तेवढ्यात त्या बाई आल्या असत्या तर? माझ्या डोळ्यासमोर ते झाकण, ते पातेलं, त्यांची लेखणी. तेरा जणांचा भात एका घरात शिजतो म्हणजे कुटुंब एकच, हे सांगायला कायदा लागत नाही. नवरा म्हणाला पातेलं पलंगाखाली ढकलू. मी तर त्याच्याही पुढे गेले. मुलांना जिन्यात बसवून शिकवू लागले: कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही आमच्या आमच्या मजल्यावर जेवतो.

ताईंनी ते ऐकलं. हातातली कात्री खाली ठेवली. "धाकटे, पोरांना खोटं शिकवू नकोस. ते भत्त्याशिवायही शिकतील."

तिसऱ्या संध्याकाळी गोष्ट मुलांनीच संपवली. मी गॅसपाशी उभी होते, मागे वळले तर चिमणी नाही, तिचं ताटही नाही. जिन्यात डोकावले. ती आपलं ताट दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर थांबत, जीभ बाहेर काढून खाली चालली होती. मधल्या मजल्यावरून जुळे ताटं घेऊन तिच्या मागे लागले. मी पोहोचेपर्यंत ती टेबलावरच्या आपल्या इंचांत बसून जेवत होती. माझाच भात, माझीच भाजी, वर चाखलीही नव्हती ती.

ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळी ताटं पाहिली. मग म्हणाल्या, "ताटं आलीयत. माणसंही येऊ देत. ज्याने त्याने आपलं शिजवून आणायचं."

"पण ताई, तपासायला आल्या आणि त्यांनी एका टेबलावर बघितलं तर?"

"तर बघितलं. तीन चुली आहेत, तिन्ही खऱ्या आहेत. टेबल लपवायला ते काय रुमाल आहे?"

"आणि तुमचं पातेलं?"

यावर त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. कारण अडचण तीच होती. आम्ही दोघी आपापलं शिजवत होतो. ताई मात्र रोज तेरा जणांचं शिजवत होत्या, आणि उरलेलं आमच्या ताटांत येत होतं. त्यांना टेबल ठेवायचं होतं, संध्याकाळही ठेवायची होती, तर सहा जणांचा स्वयंपाक शिकणं भाग होतं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी त्या मोठं पातेलं डोक्यावर घेऊन कामाला गेल्या. गल्लीतल्या लोकांना वाटलं घरात भांडण झालं. वर्कशॉपात त्यांनी ते आपल्या मशीनशेजारी ठेवलं आणि त्यात सीटांच्या स्प्रिंगा भरल्या, म्हणजे परत आणायचा मोहच नको. येताना लहान पातेलं विकत घेतलं. ते ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "हे बाहुलीचं दिसतंय."

मग जे सुरू झालं त्याला शिकवणीच म्हणावं लागेल. पहिल्या दिवशी लहान पातेल्यात तीन मग तांदूळ. भात फुगला, झाकण उचलून बाहेर आला आणि गॅस विझवून गेला. दुसऱ्या दिवशी तांदूळ बरोबर, पाणी तेरा जणांचं; मोठे दीर तो भात पेल्यातून प्यायले आणि "छान आहे," म्हणाले. तिसऱ्या दिवशी तांदूळ, पाणी बरोबर, पण आच मोठ्या पातेल्याची, तळ काळा. त्यांची थोरली मुलगी शेजारी उभी राहून सांगायची, "आई, दीड मग. दीड."

"दीड मग घालायला जीव धजत नाही गं. सहा माणसं दिसत नाहीत त्यात."

"तू बसच्या सीटा शिवतेस, रिक्षाची आली तर शिवतेस ना?"

"रिक्षाला मी नाहीच म्हणते."

मधलीने डोकं चालवलं. तिने निळ्या मगावर, अर्ध्यापाशी, नखांना लावायच्या लाल रंगाची रेघ ओढली. ताईंना पटलं. रेघेवर कापायचं, रेघेवर शिवायचं, हे त्यांना कळतं. एक मग आणि रेघेपर्यंत. हळूहळू भात जमला. भाजी जमली. मीठ मात्र जमेना, कारण मीठ त्या मापाने घालत नाहीत, चिमटीने घालतात, आणि चिमटीवर रेघ कुठे ओढणार?

त्या बाई आल्या त्या अशाच एका संध्याकाळी, ऐन जेवणाच्या वेळी. किरकोळ अंगाच्या, सर्दी झालेल्या, नाकाला रुमाल. आधी वर आल्या. त्यांनी झाकण उचललं, तीन माणसांचा भात पाहिला, वाणसामानाची पावती पाहिली, लिहिलं. मधे गेल्या, तिथे घेवडा, या वेळी हिरवा. लिहिलं. मग खाली. मी मागोमाग, पातेलं हातात तसंच, कारण ठेवायचं सुचलं नाही.

खाली लांब टेबल, आणि त्यावर तेरा ताटं मांडलेली. मोठ्या दिरांनी नेहमीप्रमाणे पेलेही भरून ठेवलेले.

बाईंनी बोटाने ताटं मोजली. ओठ हलताना दिसले मला. "तेरा?"

मी मनात तयार केलेली सगळी वाक्यं एकदम पुढे आली आणि दारात अडकली. ताई गॅसपाशी होत्या, त्यांनी हात पुसले.

"तेरा," त्या म्हणाल्या. "शिजतं तीन ठिकाणी, जेवतो एका ठिकाणी. हिची पोरगी एकटी जेवत नाही. आणि खरं सांगू का, मीही नाही."

"रोज?"

"रोज. तुम्हाला सांगून ठेवते, म्हणजे उद्या कुणी येऊन सांगायला नको."

बाईंनी शिंक आवरली, ओट्याकडे गेल्या आणि ताईंच्या पातेल्याचं झाकण उचललं. आत बघितलं. पुन्हा टेबलाकडे बघितलं. "यात किती जणांचं आहे?"

"सहा," ताई म्हणाल्या. कुणीतरी गेल्याची बातमी द्यावी तशा सुरात.

"नक्की?"

"बाई, या सहांनी माझा जीव खाल्लाय. अहो, विचारा यांना. माझं मोठं पातेलं वर्कशॉपात स्प्रिंगा सांभाळतंय."

"मगावर रेघ आहे," चिमणी मदतीला आली. "लाल."

बाईंनी मग हातात घेतला. नखाने रेघ खरवडून पाहिली. त्यांचा चेहरा रुमालाआड होता, त्यामुळे आत काय चाललंय कळेना. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवून वरपासून खालपर्यंत वाचला. चूल, लिहिलं. गॅस, लिहिलं. वाणसामान, लिहिलं. कागद उलटून मागेही पाहिलं.

"कुठे बसून जेवता याचा रकाना नाहीये," त्या म्हणाल्या. "मला जे विचारलंय ते मी लिहिते. तीन कुटुंबं."

मी पातेलं खाली ठेवलं.

"बसा, चार घास खाऊन जा," ताई म्हणाल्या. सहाच्या पातेल्याकडे बघून त्यांना लगेच काळजी पडलेली दिसली, पण शब्द गेला होता.

"नको, कामावर खाता येत नाही," बाई म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आमच्याकडे आम्ही दोघंच. वास छान आलाय. म्हणजे, सर्दीतूनही आला."

त्या गेल्यावर आम्ही बसलो. मोठ्या दिरांनी पहिला घास घेतला आणि पेला उचलला. मग मधलीने. मग सगळ्यांनी.

"मीठ," थोरली मुलगी म्हणाली.

"तेरा जणांचं पडलं," ताईंनी कबूल केलं. "दारात ती आलेली दिसली आणि चिमूट सुटली."

तेव्हा कुणीतरी माझा भात घेतला. माझ्यात मीठच नव्हतं; मी दिवसभर दाराकडे कान लावून होते, घालायचं राहिलंच. त्यांची भाजी आणि माझा भात, मिळून जेवण अगदी बेताचं झालं. माझा नवरा म्हणाला, "सरासरी काढली की सगळं ठीक असतं. हेच मी त्या टॅक्सवाल्यांना सांगतोय."

टॅक्स वाढला तो वाढलाच. पहिल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी त्याने ताईंसमोर धरली. नुसतं चिडवायला, पण ताईंनी ती नीट वाचली. पुढच्या रविवारी त्याच्या मोटरसायकलला नवं सीट आलं. जाड, दुहेरी शिवणीचं, काळं रेक्झिन, मागे बारीक लाल काठ.

"ही तुझी भरपाई," ताई म्हणाल्या.

तो बसून पाहू लागला. पाय जमिनीला पुरेनात.

"वहिनी, हे बसचं आहे."

"मग? आयुष्यभर जाईल."

भत्ता पुन्हा सुरू झालाय. ताईंचा पूर्ण, मधलीचा अर्धा, आमचा नाही. दुसरी पाळी धरायला त्यांना कुणी सांगत नाही, आणि संध्याकाळी टेबलाच्या टोकाची खुर्ची भरलेली असते. चिमणी ताट घेऊन खाली उतरते. आता मी जिन्यात उभी राहून पाहत नाही. म्हणजे पाहते, पण दाराआडून.

काळजी करायला मला नवीन सापडलंय. ताईंची थोरली पुढच्या वर्षी अठराची होईल. म्हणजे तिला मुलांत धरणार नाहीत, भत्त्यातून एक नाव जाईल, रेघ खाली सरकेल, आणि तिला नोकरी लागली तर तिचा पगार वर चढेल. काल मी हे सगळं ताईंना सांगितलं. त्या कांदा चिरत होत्या, सहाचा.

"आणि लग्न होऊन गेली तर?" मी म्हटलं.

सुरी थांबली. एवढंच त्यांनी मनावर घेतलं. त्यांनी निळा मग उचलला, रेघेकडे पाहिलं, आणि रेघेच्या जरा खाली टणक अंगठा टेकवून पाहिला.

"पाच म्हणजे सव्वा मग," त्या म्हणाल्या, आणि मग परत ठेवून दिला. "लेक-जावई धरले तर पावणेदोन लागेल की."